नोबल जॉन्सनला गद्दार म्हणण्याआधी

आपल्या चळवळीत कलावंतांच्या वाट्याला दोनच निकाल येतात. मोठ्या पडद्यावर दिसला की 'आपला माणूस', मग त्याच्या फोटोला निळी चौकट. प्रस्थापितांच्या पगारावर गेला की 'विकला गेला', मग त्याचं नाव घ्यायचं नाही. मधलं काही नाही. त्याचं घर कशावर चालतं, त्याच्या कामाची मालकी कोणाकडे आहे, त्याला काम देणारा उद्या काय अट घालू शकतो, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. या दोन्ही निकालांच्या विरोधात आम्हाला आज बोलायचं आहे. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन मूकपट नट घेतला आहे. त्याचं नाव नोबल जॉन्सन.

हे नाव थोड्यांनीच ऐकलं असेल. चेहरा मात्र अनेकांनी पाहिला असेल. १९३३ सालचा 'किंग काँग' आठवा. त्यात बेटावरच्या 'रानटी' टोळीचा जो धिप्पाड प्रमुख आहे, तो नोबल जॉन्सन. पण त्याच्या आयुष्यात त्याआधी एक काळ असा होता, की कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या थिएटरवर त्याचं नाव लागलं की गर्दी व्हायची. त्या चित्रपटांत तो टोळीप्रमुख नव्हता. इंजिनिअर होता, सैनिक होता. आणि ते चित्रपट काढणाऱ्या कंपनीचा अध्यक्षही तोच होता. अध्यक्षापासून टोळीप्रमुखापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, एवढाच आजचा प्रश्न.

अमेरिकेतल्या काळ्यांचं आम्हाला काय, असं कोणी विचारू नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तिने नाव कुठून घेतलं हेही आपल्याला ठाऊक आहे. हे नातं जुनं आहे. फक्त आपण त्यातल्या नेत्यांपाशी थांबतो, नोकरी करून पोट भरणाऱ्या माणसांपर्यंत जात नाही.

नोबलचा जन्म १८८१ सालचा, मिसुरी राज्यातला. वाढला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये. वडील शर्यतीचे घोडे तयार करायचे. नोबलचं शिक्षण लवकर सुटलं आणि त्याच्याही हाती घोड्याचा लगाम आला. पुढे भयपटांचा बादशहा झालेला लॉन चॅनी हा त्याचा शाळासोबती. १९१५ च्या सुमारास ल्युबिन नावाच्या कंपनीची माणसं चित्रीकरणासाठी कोलोरॅडोत आली. त्यांचा एक नट जखमी झाला. त्यांना घोड्यावर पक्की मांड असलेला उंचापुरा माणूस हवा होता. नोबल सहा फुटांवर उंच, अंगाने पहिलवान, रंगाने फार काळा नाही. त्याला उभं केलं. भूमिका कोणती? अमेरिकेतल्या मूळनिवासी माणसाची. म्हणजे कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाच तो 'दुसरा कोणीतरी' होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच वर्षी अमेरिकन चित्रपटाने काळ्या माणसावर सगळ्यात मोठा वार केला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉस एंजेलिसला लागला. तीन तासांचा मूकपट. गुलामीतून मुक्त झालेला काळा माणूस म्हणजे दारुडा, आळशी आणि बलात्कारी. आणि पांढरे बुरखे घालून त्याला ठार मारणारे कू क्लक्स क्लानवाले म्हणजे राष्ट्राचे रक्षक, हा त्याचा सारांश. यातल्या महत्त्वाच्या काळ्या भूमिका तोंडाला काळं फासून गोऱ्या नटांनी केल्या होत्या. ज्या कादंबरीवर तो बेतला होता तिचा लेखक थॉमस डिक्सन हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा विद्यापीठातला जुना सोबती. चित्रपट थेट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. मार्चमध्ये तो न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात लागला, तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आणि वर्ष संपण्याआधी जॉर्जिया राज्यातल्या स्टोन माउंटनवर मृतप्राय झालेली क्लान पुन्हा उभी राहिली. 'सिनेमा आहे हो, एवढं काय मनावर घेता' म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरा तपासून पाहावा.

कृष्णवर्णीयांच्या संघटनेने, एनएएसीपीने, शहराशहरांत निदर्शनं केली, बंदी मागितली. काही ठिकाणी थोडंफार यश आलं, बहुतेक ठिकाणी चित्रपट चालतच राहिला आणि पैसे ओढत राहिला. निदर्शनं चुकीची होती असं आम्ही म्हणत नाही. पण बंदी मागण्यात एक अडचण असते. बंदी घालण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. तो दार उघडेल की नाही हे त्याच्या मर्जीवर.

काही लोकांनी दुसरा रस्ता धरला. १९१६ साली, ज्या वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबियात जातींच्या उगमावरचा आपला निबंध वाचला त्याच वर्षी, नोबल जॉन्सन आणि त्याच्या सोबत्यांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. नोबल अध्यक्ष. क्लेरन्स ब्रूक्स हा नट सचिव. डॉ. जेम्स स्मिथ यांच्यासारखे पैसा आणि पत असलेले काही लोक. कॅमेरा मात्र हॅरी गँट या गोऱ्या माणसाच्या हाती, कारण ते तंत्र तोवर आपल्या लोकांना कोणी शिकवलंच नव्हतं. आणि हजाराहून अधिक मैलांवर ओमाहा शहरात नोबलचा धाकटा भाऊ जॉर्ज. तो टपाल खात्यात नोकरीला होता. पत्रं लिहायची, थिएटरवाल्यांशी बोलणी करायची, जाहिराती द्यायच्या, रीळं एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवायची, हे सगळं जॉर्ज नोकरी सांभाळून करायचा. चळवळीतल्या लोकांना हा जॉर्ज लगेच ओळखू येईल. आपल्या प्रत्येक तालुक्यात असा एक जॉर्ज आहे. नोकरीवरून येतो आणि रात्री अकरापर्यंत पत्रकं वाटतो.

लिंकनचा पहिला चित्रपट 'द रिअलायझेशन ऑफ अ निग्रोज अँबिशन'. फक्त दोन रीळांचा, म्हणजे अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा. गोष्ट साधी. टस्कीगी संस्थेतून शिकून आलेला एक तरुण इंजिनिअर, जेम्स बर्टन, बापाची शेती सोडून तेल शोधायला कॅलिफोर्नियात जातो. तेलकंपनी त्याचा रंग पाहून नोकरी नाकारते. पुढे उधळलेल्या घोड्यांच्या गाडीतून तो कंपनीच्या गोऱ्या मालकाच्या मुलीला वाचवतो, तेव्हा नोकरी मिळते. जमिनीचा अभ्यास करता करता त्याच्या लक्षात येतं की आपल्या बापाच्या शेताची माती अशीच आहे. गावी परततो, तेल सापडतं, श्रीमंत होतो, लग्न होतं.

यावर टीका करता येते, आणि आम्ही करतो. गुणवत्ता आहे, पदवी आहे, तरी नोकरी कधी मिळाली? मालकाच्या मुलीचा जीव वाचवल्यावर! आपल्याकडच्या 'मेरिट'च्या चर्चेत आपल्या पोराला नेमकं हेच करून दाखवावं लागतं. इतरांनी पात्र असावं, आपल्या पोरांनी चमत्कार करावा. शिवाय प्रश्नाचं उत्तर म्हणून शेतात तेल सापडणं ही काही समाजबदलाची वाट नव्हे. पण हा चित्रपट पाहणाऱ्यांच्या जागी बसून पाहा. वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतःला पडद्यावर जनावर म्हणून पाहिलं होतं. आता त्यांच्यासारखा दिसणारा माणूस कोट घालून नकाशा वाचतो आहे, बापाशी बोलतो आहे, प्रेम करतो आहे, आणि कोणीही हसत नाही.

दुसरा चित्रपट 'द ट्रूपर ऑफ कंपनी के'. जून १९१६ मध्ये मेक्सिकोत कारिझाल इथे झालेल्या चकमकीवर. तिथे अमेरिकेच्या दहाव्या घोडदळातले काळे शिपाई लढले आणि मेले होते. म्हणजे बातमी ताजी असताना तिचा चित्रपट झाला. नोबलने त्यात गावात ओवाळून टाकलेला 'शिफ्टलेस जो' केला, जो सैन्यात जातो आणि लढाईत आपल्या कप्तानाला वाचवतो. सैन्यातून परतलेले खरे काळे घोडेस्वार त्यात घेतले होते. भीमा कोरेगावला दरवर्षी १ जानेवारीला जाणाऱ्यांना हा चित्रपट का चालला हे समजावून सांगायची गरज नाही. मग १९१७ मध्ये 'द लॉ ऑफ नेचर'. तीनही चित्रपटांत नायक नोबल.

आता धंद्याची बाजू बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि आपण नेमकी तीच वगळतो. नोबल लिंकनमधून घर चालवत नव्हता. त्याचं घर चालायचं युनिव्हर्सलच्या पगारावर. युनिव्हर्सल ही बडी गोरी कंपनी. तिच्या 'द बुल्स आय', 'द रेड एस' अशा आठवड्यागणिक भागांनी येणाऱ्या मालिकांत तो छोट्यामोठ्या भूमिका करायचा. युनिव्हर्सलकडे प्रत्येक चित्रपटाच्या कितीतरी प्रती आणि मोठमोठ्या शहरांत वितरणाची कार्यालयं. लिंकनकडे मोजक्या प्रती. एक प्रत एका गावाहून सुटणार, पुढच्या गावी पोचणार, काळ्यांसाठीच्या थिएटरात, चर्चमध्ये, शाळेत दाखवली जाणार. नाहीतर गोऱ्यांच्या थिएटरात मध्यरात्रीनंतर, गोरे घरी गेल्यावर. मग तिकिटातला वाटा परत येणार. तो येईपर्यंत पुढच्या चित्रपटाला पैसा कुठून? रस्त्यात कोणी वाटा दाबला तर? म्हणजे चित्रपट आवडत होता, गर्दी होत होती, तरी हाती रोकड नाही. वाचकांनी डोक्यावर घेतलेली आपली अनियतकालिकं आणि वर्तमानपत्रं का बंद पडली, त्याचंही उत्तर बऱ्याच अंशी हेच आहे.

आणि मग व्हायचं ते झालं. काळ्यांच्या वस्तीत एका थिएटरात युनिव्हर्सलची मालिका, शेजारच्या थिएटरात लिंकनचा चित्रपट. दोन्हीकडे नोबलच. लोक कुठे जातील? जिथे तो माणूस आहे तिथे. युनिव्हर्सलची मालिका घेणाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, तक्रारी वर गेल्या. युनिव्हर्सलने नोबलला सांगितलं: लिंकन सोड, तुझं नाव आणि चेहरा त्यांच्या जाहिरातीत दिसता कामा नये. १९१८ साली नोबलने लिंकनचा राजीनामा दिला.

बघा, इथे कोणी लाठी उगारली नाही. कंपनीवर बंदी घातली नाही. रीळं जाळली नाहीत. फक्त पगारपत्रक पुढे सरकवलं. आर्थिक बहिष्कार हे शस्त्र आपण गावात पाहिलं आहे: मजुरी बंद, दळण बंद, दुकान बंद. हॉलिवूडमध्ये ते कोट घालून आलं, एवढाच फरक.

नंतरची तीसेक वर्षं नोबल जॉन्सन सतत काम करत राहिला. शंभरावर चित्रपट. आणि काय काय झाला तो! १९२२ मध्ये 'रॉबिन्सन क्रुसो'चा फ्रायडे, म्हणजे गोऱ्या मालकाचा गुलाम. १९२४ मध्ये बस्टर कीटनच्या 'द नॅव्हिगेटर'मध्ये नरभक्षकांचा म्होरक्या. १९३० च्या 'मोबी डिक'मध्ये क्वीक्वेग. १९३२ च्या 'द ममी'मध्ये न्युबियन नोकर, आणि त्याच वर्षी 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये चेहरा गोरा रंगवून रशियन कोझॅक! १९४२ च्या 'जंगल बुक'मध्ये शीख. १९४९ च्या 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये पुन्हा मूळनिवासी टोळीचा प्रमुख, जिथून सुरुवात झाली होती तिथेच. १९२७ च्या 'टॉप्सी अँड ईव्हा'मध्ये तर कमाल आहे. नोबल त्यात अंकल टॉम, आणि टॉप्सी या काळ्या मुलीच्या भूमिकेत तोंडाला काळं फासलेली गोरी नटी रोझेटा डंकन. एकाच चित्रपटात खरा काळा माणूस आणि त्याची रंगवलेली टिंगल शेजारी शेजारी.

आपल्याला खास पाहण्याजोगा आहे तो १९२४ चा 'द थीफ ऑफ बगदाद'. डग्लस फेअरबँक्सचा भव्य मूकपट. राजकन्येशी लग्न करायला तीन राजपुत्र येतात. मंगोल राजपुत्र जपानी नट सोजिन. इराणी राजपुत्र, विश्वास ठेवा, माटिल्ड कोमाँ नावाची एक फ्रेंच बाई! आणि हिंदुस्थानचा राजपुत्र आपला नोबल जॉन्सन. नायक अर्थात गोरा. म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात जगात दोनच जाती: गोरे, आणि एकमेकांच्या जागी सहज वापरता येणारे बाकीचे सगळे. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मवर कातडीची खरी छटा उमटत नसे, थोडी भुकटी आणि थोडा दिवा इकडेतिकडे केला की नोबल कुठलाही 'परका' होऊ शकत होता. त्याच्या नावावर जगातल्या निम्म्या वंशांच्या भूमिका आहेत. लिंकन सोडल्यावर हॉलिवूडने त्याला जे होऊ दिलं नाही ते एकच: अमेरिकेत राहणारा, शिकलेला, बायकोमुलं असलेला साधा काळा माणूस.

म्हणून पडद्यावर आपला चेहरा दिसला की नाचणाऱ्यांना आम्हाला विचारायचं आहे, की चेहरा मोजूनच जर प्रतिनिधित्व ठरत असेल तर नोबल जॉन्सनएवढं प्रतिनिधित्व त्या काळात कोणाला मिळालं होतं? तीस वर्षं तो पडद्यावर होता. त्याच्या समाजाला त्यातून काय मिळालं? नरभक्षकाचा मुखवटा. प्रतिनिधी कोण आहे यापेक्षा त्याला निवडलं कोणी, तो उत्तर कोणाला देतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत लावून धरला. पुणे करारानंतर राखीव जागा मिळाल्या, पण त्यांवर निवडून यायला इतरांची मतं लागू लागली. त्याचा परिणाम कांशीराम यांनी १९८२ मध्ये 'चमचा युग'मध्ये मांडला. नोबल हा सिनेमातल्या राखीव जागेवरचा उमेदवार होता, आणि मतदार युनिव्हर्सल होती.

आपल्याकडेही हेच. १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलगी कोणी केली? टागोरांच्या नात्यातल्या देविका राणी यांनी. १९५९ च्या 'सुजाता'त नूतन यांनी. आणि उलट बाजूने, केरळात 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळी मूकपटात पी. के. रोझी या दलित मुलीने नायर बाईची भूमिका केली तेव्हा काय झालं? सवर्ण प्रेक्षकांनी थिएटरात दगडफेक केली आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. सवर्ण आपली भूमिका करू शकतात, तो अभिनय. आपण सवर्णाची भूमिका केली की तो गुन्हा.

मग कोणी म्हणेल, हेच तर आम्ही म्हणतो, नोबल चमचाच होता, पगारासाठी समाजाची कंपनी सोडली. हा निकाल देण्याआधी एक सांगा. त्याने राजीनामा दिला नसता तर त्याचा पगार कोण देणार होतं? लिंकन? तिच्याकडे पुढच्या चित्रपटाला पैसा नव्हता. कृष्णवर्णीयांतले पैसेवाले? त्यांनी गुंतवला तेवढा गुंतवला, पण इतरांना सिनेमापेक्षा घर, जमीन, विमा सुरक्षित वाटत होता. वर त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली, शहराशहरांतली थिएटरं बंद झाली आणि लिंकनचं आणखी कंबरडं मोडलं. कांशीराम यांचाही रोख चमच्यापेक्षा चमचा हातात धरणाऱ्यावर आणि त्याला जन्म देणाऱ्या व्यवस्थेवर होता, हे पुस्तक वाचलं असतं तर कळलं असतं. निष्ठा उपाशीपोटी किती दिवस टिकते याची परीक्षा नेहमी गरिबाच्या पोराचीच का घ्यायची?

हे आम्ही नोबलला माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. त्याला आपल्या माफीची गरज नाही. १९५० मध्ये तो निवृत्त झाला, १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. हे आम्ही लिहितो आहोत ते आज जे कलावंत आपल्यात आहेत त्यांच्यासाठी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा हिशेब काढून पाहा. डीजेवाला अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही, आणि आपण ते निमूट देतो. मंडपवाला, बॅनरवाला, जनरेटरवाला, सगळ्यांचे दर ठरलेले. शाहिराला मात्र फोन जातो, 'दादा, समाजाचं काम आहे, यायचंच'. शाल, नारळ आणि जमलं तर पाकीट. ढोलकीवाल्याच्या परतीच्या एसटीचं भाडं त्या शाहिराच्या खिशातून जातं. वर्षभर हेच. मग त्याच शाहिराने एखाद्या वाहिनीवर देवाचं गाणं म्हटलं की आपल्याला धम्म आठवतो. ज्या भीमगीतांवर आपण नाचतो ती यूट्यूबवर कोणाच्या चॅनेलवरून वाजतात, जाहिरातीचा पैसा कोणाच्या खात्यात पडतो, हे एकदा बघा. गाणारा आपला, लिहिणारा आपला, ऐकणारे आपले. मालक?

'पैसा कुठून आणायचा' हा प्रश्न खरा आहे. पण तो नवा नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून अंक निघाला, आणि तरीही पैशाअभावी तो काही वर्षांत थांबला. बाबासाहेब त्यावर रडत बसले नाहीत. 'बहिष्कृत भारत' काढला, 'जनता' काढलं, आणि दरवेळी वर्गणीदारांचा, छापखान्याचा, येण्याजाण्याचा हिशेब स्वतः घातला. विचार आणि वितरण या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आपण मात्र पहिल्याचे वारस होतो आणि दुसरं डीजेवाल्याकडे देऊन टाकतो.

नोबल गेल्यावर लिंकन लगेच मेली नाही, हेही नोंदवायला हवं. डॉ. स्मिथ अध्यक्ष झाले. क्लेरन्स ब्रूक्सने नायकाच्या भूमिका उचलल्या. १९२१ मध्ये 'बाय राइट ऑफ बर्थ' हा त्यांचा सगळ्यात मोठा चित्रपट लॉस एंजेलिसच्या ट्रिनिटी ऑडिटोरियममध्ये लागला. त्यानंतर मात्र कंपनी टिकली नाही. याच ब्रूक्सने १९३१ मध्ये हॉलिवूडच्या 'अ‍ॅरोस्मिथ'मध्ये एका काळ्या डॉक्टरची गंभीर, आदराची भूमिका केली. जो मागे राहिला त्याला माणसाची भूमिका मिळाली आणि जो गेला त्याला टोळीप्रमुखाची, असा सोयीचा धडा यातून काढायचा मोह आम्हालाही होतो. पण ब्रूक्सलाही तशी भूमिका पुन्हा पुन्हा मिळाली नाही, हे विसरून चालणार नाही.

लिंकनच्या एका अपयशातून तर मोठीच गोष्ट निघाली. १९१८ मध्ये जॉर्जने ऑस्कर मिशो या लेखकाची 'द होमस्टेडर' ही कादंबरी चित्रपटासाठी मागितली. मिशो म्हणाला, देतो, पण चित्रीकरणावर देखरेख माझी. बोलणी फिसकटली. मग मिशोने स्वतःच कंपनी काढली, शेअर विकले, त्यातले कितीतरी आपल्या ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्यांनाच, आणि १९१९ मध्ये चित्रपट पडद्यावर आणला. १९२० च्या 'विदिन अवर गेट्स'मध्ये त्याने झुंडीने माणसं फासावर लटकवण्याचं दृश्य दाखवलं. लिंकनच्या सभ्य चित्रपटांनी कधी दाखवलं नव्हतं ते. १९२५ मध्ये पॉल रोबसनला पहिल्यांदा पडद्यावर आणलं तेही मिशोनेच. पुढे जवळजवळ तीस वर्षं तो चित्रपट काढत राहिला. त्याच्याकडे लिंकनपेक्षा जास्त पैसा नव्हता. पण नायक, दिग्दर्शक, विक्रेता, सगळी सूत्रं अशा माणसाच्या हाती होती ज्याच्या पगाराचा दुसरा कोणी मालक नव्हता.

आणि जॉर्ज? टपाल खात्यातला तो जॉर्ज आयुष्यभर कागद जमवत राहिला. लिंकनची पत्रं, जाहिराती, काळ्या वर्तमानपत्रांतली कात्रणं, फोटो, हिशेब. आज तो सगळा संग्रह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याच्या नावाने आहे. लिंकनच्या चित्रपटांपैकी 'बाय राइट ऑफ बर्थ'चा सुमारे चार मिनिटांचा तुकडा तेवढा उरला आहे. नोबलचे ते तीनही चित्रपट, तो इंजिनिअर, तो सैनिक, सगळं नष्ट झालं. नरभक्षकाचा म्होरक्या मात्र स्वच्छ प्रतीत कुठेही बघायला मिळतो, कारण तो ज्यांच्या मालकीचा होता त्यांच्याकडे तो जपून ठेवायला गोदामं होती. जॉर्जने ते कागद जमवले नसते तर आज आपण नोबल जॉन्सनला फक्त 'किंग काँग'मधला रानटी म्हणून ओळखलं असतं.

आपल्या जलशांच्या वह्या कुठे आहेत? भीमराव कर्डकांच्या पिढीतल्या गावोगावच्या जलसाकारांनी हाताने लिहिलेली गाणी, मंडळांची हिशेबाची पुस्तकं, पँथरच्या काळातली पत्रकं, पहिल्या कॅसेट? बऱ्याच घरांत ती पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि पेटी गळक्या छपराखाली. या सुट्टीत आपापल्या वस्तीतल्या जुन्या शाहिरांच्या घरी जा. पेटी उघडू देतात का विचारा, पानांचे मोबाइलवर फोटो काढा, गाणं कोणाचं, चाल कोणाची, किती साली, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. आणि निघताना दोन तासांच्या वेळेचं मानधन त्यांच्या हातात ठेवा. पाकिटात नको, पावती करून.